तगरीचा अभिषेक

"बाबा, ओळखलंत का मला?"

डोमाजीबाबांनी मान वर केली. डोळ्यांवर केव्हाचाच पडदा आलेला. आवाज आला त्या बाजूला त्यांनी कान केला.

"आवाज भारदस्त हाये," ते म्हणाले. "बसा जी. उन्हातून आले असान. वारलू, पाहुण्यायले पानी दे."

पाहुणा उभाच राहिला.

बसा जी...

एवढंसं ते 'जी'. पण चंद्रभान महाराजांना ते बोचलं. याच बाजेवर बसून याच माणसाने त्यांना कधी काळी 'अरे', 'तुरे', 'गाढवा' आणि त्याहून वाईट काय काय म्हटलं होतं. त्यातलं एकही आज वाट्याला आलं नाही.

सगळा मुलूख ज्याला ओळखतो, त्या माणसावर 'ओळखलंत का' विचारायची वेळ आली की तो कसा दिसतो, हे वारलूजींनी त्या संध्याकाळी पाहिलं. वर्ध्यापासून अकोल्यापर्यंत कुठंही सप्ता बसला की पत्रिकेवर चंद्रभान महाराजांचं नाव आधी छापायचं आणि बाकीचं मग ठरवायचं, अशी रीत पडली होती. गाडीतून पाय खाली टेकायच्या आत लोक पायांवर डोकं ठेवत. आणि इथं खैरीच्या मठात, कडुनिंबाखाली, ते हात जोडून उभे होते आणि वारलूजी त्यांना पाण्याचा गडवा देत होते.

वारलूजी आणि चंद्रभान एकाच उन्हाळ्यात मठात आलेले. एक गेला, एक राहिला. राहिलेल्याने आठवड्यापूर्वी फोन केला होता. "बाबा आता दोन घासावर आले. जुन्या लोकायची आठवन काढतेत. येऊन जा."

येऊन जा म्हटल्यावर चंद्रभान महाराजांनी चालू सप्ता दुसऱ्याच्या गळ्यात घातला आणि निघाले. वाटभर त्यांच्या मनात एकच होतं. बाबांनी एकदा 'अरे' म्हणावं. बाकी काही नको. आशीर्वाद द्यायला आता ते स्वतःच बसत होते, त्याची त्यांना ददात नव्हती. पण त्यांची चूक काढून 'अरे' म्हणणारं माणूस जगात एवढं एकच उरलं होतं, आणि तेही दोन घासांवर आलं होतं.

"बाबा, मी चंद्रभान. गुरवाचा."

बाबा हसले. तोंडात दात नव्हते, त्यामुळे हसू लहान लेकरासारखं दिसलं.

"रोज कोनी ना कोनी येते जी. मी तुमचा जुना शिष्य म्हनते. मी हो म्हनतो. पानी पाजतो. मंग ते जाते."

"पण मी खरंच..."

"हो जी," बाबा म्हणाले.

महाराज खाली बसले.

आता थोडं मागचं सांगायला हवं.

खैरीच्या मठाची एक तऱ्हाच होती. नवा माणूस शिकायला आला की बाबा त्याला पोथी देत नसत, माळ देत नसत. तगरीचं एक रोप देत. आणि ते द्यायचे कधी, तर भर वैशाखात. जमीन भाजून निघालेली, वारा भट्टीतून आल्यासारखा, कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसलेला. अशा वेळी म्हणे झाड लावा.

गावचे शेतकरी हसायचे. एकदा एकाने विचारलं, "बाबा, मिरगात लावा नं. पावसाच्या पान्यानं आपोआप जगतीन."

"पाऊस पानी घालन," बाबा म्हणाले, "तं मंग या लोकायनं इथं काय करावं?"



मग त्या नव्या माणसाचा उन्हाळा त्या रोपाच्या मागे जायचा. पहाटे विहिरीवर रहाट ओढायचा. गुंड, म्हणजे पितळेची घागर, भरून खांद्यावर आणायचं. रोपाभोवतीचं आळं भरायचं, पाणी मुरेपर्यंत उकिडवं बसायचं, मुरलं की पुन्हा भरायचं. आळ्यात वाळला पाला पसरायचा, म्हणजे ओल उडत नाही. पश्चिमेच्या अंगाला तुराट्यांचा आडोसा रोवायचा, म्हणजे उतरतं ऊन पानांना भाजत नाही. दुपारी पानं माना टाकतात, तेव्हा धावत जाऊन पाणी ओतायचं नाही. संध्याकाळी जाऊन बघायचं. बहुतेक वेळा ती आपणच सावरलेली असतात.

हे सगळे धडे चंद्रभान भराभर शिकला. हुशारच होता. एक धडा मात्र त्याला काही केल्या उतरला नाही.

घराणं गुरवाचं. वाडवडलांपासून गावच्या महादेवाची पूजा यांच्याकडे. चंद्रभान चालायला लागला तेव्हापासून बापाच्या मांडीला मांडी लावून गाभाऱ्यात बसलेला. पिंडीवर पाणी कसं घालायचं, तर गडवा कपाळापर्यंत उचलायचा, धार सुतासारखी बारीक धरायची आणि ती न तुटता माथ्यावर पडली पाहिजे. तोंडाने 'नमः शिवाय' चालू ठेवायचं. हातालाच ते वळण लागलं होतं. तहानेला पाणी पितानासुद्धा त्याचा गडवा आधी वर जायचा.

तर हा तगरीलाही तसंच पाणी घालायचा. उभं राहून, गडवा वर धरून, शेंड्यावर बारीक धार. तोंडाने 'नमः शिवाय'.

वरून पडणाऱ्या धारेने बुडाशी खड्डा पडायचा. माती वाहून जायची, कोवळ्या मुळ्या उघड्या पडायच्या. पानांवरचं पाणी आळ्याबाहेर सांडायचं. बाबांना बाजेवर पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून कळायचं.

"गुरवा!" ते ओरडायचे. "महादेव नोहे तो. झाड हाये. झाडाचं तोंड खाली असते रे!"

"हो बाबा," म्हणून चंद्रभान खाली बसायचा. गडवा आळ्याला टेकवायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे झोपाळू डोळ्यांनी आला की हात पुन्हा वर.

त्या उन्हाळ्यात सगळा मठ ही हाक ऐकत उठायचा. कोंबडं आरवलं नाही तरी चालेल अशी ती हाक. विहिरीच्या रहाटाची करकर, ओल्या मातीचा वास, चुलीवर भाजणाऱ्या भाकरीचा वास, आणि मधेच "गुरवा, झाडाचं तोंड खाली असते रे!" सगळे खो खो हसायचे. चंद्रभानही हसायचा. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, पण हसायचा.

ते दिवस पुन्हा आले नाहीत. येत नसतातच. पण ज्याने ते भोगले, त्याला मधेच कधी ओल्या मातीचा वास आला की तो चालता चालता थांबतो, त्याला तो तरी काय करणार.

त्याची तगर मात्र जगली. कशी जगली ते तिचं तिला ठाऊक.

पुढे चंद्रभानचा गळा बाबांनी हेरला. त्याला बोलता येत होतं, सांगता येत होतं. बाबांनीच म्हटलं, "जाय. लोकायले सांग. पन उन्हाळ्यात पानी घालाले येजो."

"येतो बाबा," चंद्रभान म्हणाला होता. उन्हाळा म्हणजे सप्त्यांचे दिवस. पहिल्या वर्षी जमलं नाही. मग दुसऱ्या. मग वीस-बावीस वर्षं गेली.

एवढ्या वर्षांत चंद्रभान महाराजांच्या प्रवचनातला सगळ्यात गाजलेला दृष्टांत कोणता, तर हाच. गुरवाचा पोर, तगरीचं रोप आणि झाडाचं तोंड खाली असतं. ते तो असा रंगवून सांगत की मांडवातल्या बाया हसता हसता डोळे पुसत. शेवटी ते सांगत, "आणि मग एके दिवशी तो पोर शिकला!" टाळ्या पडत.

मठात असताना तो पोर कधीच शिकला नव्हता, हे मांडवात कोणाला माहीत असणार? शिकला तो नंतर. महाराजांनी नागपूरला घर बांधलं, अंगणात तगरी लावल्या, आणि आता आपणच हा दृष्टांत गावोगाव सांगतो तर आपला हात वर जाऊन कसं चालेल, म्हणून जाणूनबुजून खाली बसून पाणी घालायची सवय केली. पक्की केली. आता चूक होत नव्हती.

"सूर्य कलला का?" बाबांनी विचारलं.

"कलला," वारलूजी म्हणाले. "घालतो पानी."

औंदा वारलूजींनी विहिरीपासून बाबांच्या गुरूंच्या समाधीपर्यंत तगरीची नवी ओळ लावली होती. आता शिकायला कोणी येत नव्हतं. पण वैशाख आला म्हणजे रोपं लावायची, एवढं त्यांना माहीत होतं. पाठीचा कणा वाकलेला, त्यात गुंड उचलायचं.

"आज मी घालतो," महाराज म्हणाले.

वारलूजींनी त्यांच्या धुवट पांढऱ्या धोतराकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.  घड्याळ काढून घेतलं आणि बादली पुढे केली.

दिवसभर उन्हात राहिलेलं बादलीतलं पाणी हाताला चटका देत होतं. महाराजांनी ते बाजूच्या धुळीत ओतलं. रहाट ओढून विहिरीचं गार पाणी काढलं. गुंड खांद्यावर घेतलं.  पहिल्या रोपापाशी ते उकिडवे बसले, गडवा आळ्याच्या कडेला टेकवला आणि अलगद कलता केला. माती जराही हलली नाही. पाणी मुरलं. त्यांनी पुन्हा भरलं.

त्यांना वाटलं, आता बाबा 'अरे' म्हणतील.

बाबा कान लावून होते खरे.

"कोन घालते रे पानी, वारलू?"

"पाहुने घालतेत, बाबा."

"हात मोठा चांगला हाये. आवाजच येत नाई." बाबांनी मान डोलावली. "कोनापाशी शिकले जी?"

महाराजांनी बाजेकडे तोंड वळवलं.

"तुमच्यापाशी, बाबा."

"माझ्यापाशी?" बाबा हसले. "माझ्यापाशी कोनी शिकलं नाई जी. या वारलूले विचारा. एक गुरव होता माझ्यापाशी... अजब हात त्याचा. झाड दिसलं का महादेवच दिसे त्याले. रोज सांगे मी. रोज हो म्हने. रोज वरूनच घाले."

महाराज गडवा हातात धरून बसून राहिले.

"लय बोललो मी त्याले," बाबा म्हणाले. "शिव्यायी दिल्या. पन खरं सांगू का जी? त्याची धार वाजली का मी उठे. तिच्यासाठी जागाच राहे म्हना. आता पहाट होते नं, तं मालूम नाई पडत."

कडुनिंबाची दोन-चार पिकली पानं बाजेवर पडली. वारलूजी ती वेचत राहिले.

"त्याले सांगतलं होतं मी, पानी घालाले येजो म्हनून. येईन तो. शब्दाचा पक्का हाये."

"बाबा..." महाराजांचा भारदस्त आवाज कुठल्या कुठे गेला होता. "तो मीच आहे."

बाबांनी हसून मान हलवली. मग समजूत घालावी तसे, मायेने म्हणाले,

"हो जी."

वारलूजींना राहवलं नाही. "बाबा, खरंच तोच हाये. चंद्रभान हाये."

"तू चांगला मानूस हायेस, वारलू," बाबा म्हणाले. "पाहुण्यायचं मन राखतेस. पन मले माझा गुरव मालूम नाई का? तो असं पानी घालत नाई."

महाराज उठले. दुसऱ्या रोपापाशी गेले.

आता काय करायचं, हे त्यांना कळत होतं. गडवा उचलायचा. कपाळापर्यंत न्यायचा. बारीक धार सोडायची. रोज हजार माणसांसमोर त्या पोराची नक्कल ते करतच होते की! हवेत गडवा धरून, तोंडाने धारेचा आवाज काढून. मांडव हसायचा. इथं तर खरा गडवा होता, खरं पाणी होतं. एका क्षणात बाबांनी हाक मारली असती.

गडवा हातात घट्ट धरला होता.

पण हात उचलेना. मांडवात केलं ते केलं. या माणसासमोर नक्कल करून 'अरे' मिळवायचं... ते त्यांच्याने होईना. ते खाली बसले. आळं भरलं. मुरू दिलं. पुन्हा भरलं.

तिसरं रोप. चौथं. विहिरीवर खेप, पुन्हा खेप. धोतर चिखलाने भरलं. तळहाताला रहाटाच्या दोराचा फोड आला. वारलूजी मधे एकदा "राहू दे आता" म्हणाले, ते त्यांनी ऐकलं नाही. बाबांचं बोलणं थांबलं होतं. ते बाजेवर आडवे झाले होते, डोळे मिटून. झोपले की काय, कळत नव्हतं.

किती चांगलं पाणी घालतो आहोत आपण, असं महाराजांच्या मनात आलं, आणि त्यांना रडू फुटलं. चांगला मोठा माणूस, पिकल्या मिशांचा, चिखलात उकिडवा बसून रडत होता. बरं, रडायलाही आवाज करायची सोय नव्हती.

ओळीच्या शेवटी, समाधीच्या पायरीला लागून, एक जुनं झुडूप होतं. माणसाच्या डोक्यापर्यंत उंच, हिरवंगार, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं. बुंधा मात्र चमत्कारिक होता. बुडाशी एका अंगाला माती खचलेली आणि तिथून मूळ उघडं पडून, वळसा घालून पुन्हा जमिनीत शिरलेलं.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुयं नं," वारलूजी म्हणाले. "पान्याचा खड्डा अजून भरला नाई पाह्य."

महाराज त्या खड्ड्याकडे बघत राहिले.

खड्ड्याशेजारीच, त्या जुन्या झुडपाच्या सावलीत, ओळीतलं शेवटचं रोप होतं. दिवसभराच्या उन्हाने त्याने मान टाकली होती आणि अजून उचलली नव्हती. दोनच पानं शेंड्याला, एवढुसं. गुंडात तळाशी एका गडव्यापुरतं पाणी उरलं होतं.

ते त्यांनी घेतलं.

ते दमले होते. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे समोरचं नीट दिसत नव्हतं. रोप आहे, काळसर, लहानसं, सावलीत बसलेलं, एवढंच दिसत होतं. समाधीवर लावलेल्या उदबत्तीचा वास येत होता. बापाच्या मांडीला मांडी लावून बसल्यावर असाच वास यायचा. त्यांच्या ओठांतून पुटपुटणं निघालं, ते त्यांना ऐकू आलं नाही. हात वर कधी गेला, तेही कळलं नाही.

बारीक धार. सुतासारखी. न तुटता शेंड्यावर पडत होती.

नमः शिवाय... नमः शिवाय...

पानांवर पाणी वाजत होतं. मातीत खड्डा पडत होता.

बाजेची दोरी करकरली.

"गुरवा!"

महाराज जागच्या जागी थिजले.

बाबा उठून बसले होते. डोळे कुठंच बघत नव्हते. सगळा माणूस कान होऊन बसला होता.

"झाडाचं तोंड खाली असते रे!"

"हो बाबा," चंद्रभान म्हणाला. आवाज फाटला. "चुकलो मी बाबा. चुकलो." आणि त्याने घाईघाईने गडवा खाली आणला, आळ्याच्या कडेला टेकवला.

धार थांबली.  वारलूजी रहाटाच्या खांबाला टेकून उभे होते, त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडावर धरला.

बाबा तसेच बसून होते. कान लावून. वाट बघत.

"कायले खाली केला रे?" बाबा म्हणाले. "धर वर."